एकच पावडर, दोन खोल्या आणि ४१ अंशांचा फरक: उत्प्रेरकावर मिळून काम करताना नेमकं कुठे अडतं?

सत्तरीकन्या (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे, विषय उत्प्रेरक. घरी गोव्यात वाळपईला आजी विचारते, "गो, तू नेमकं करतेस तरी काय?" तिला समजेल असं सांगता सांगता मलाच बरंच समजतं, म्हणून इथेही मराठीतच लिहिते.

आमच्या प्रकल्पात चार माणसं आहेत. पावडर मी करते. सिरियम ऑक्साइडवर (आम्ही त्याला सिरिया म्हणतो) थोडं तांबं बसवायचं, गाळ धुवायचा, वाळवायचा आणि भट्टीत ५०० अंशांवर चार तास भाजायचा. हाती येते ती गडद राखाडी, किंचित हिरवट झाक असलेली पावडर. तिच्यावरून कार्बन मोनॉक्साइड आणि हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड होतो. गाडीच्या सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरमध्येही हे काम होतं, पण तिथे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू लागतात. तांब्यावर भागलं तर किती बरं, हा आमचा ध्यास. दुसरा सहकारी केमिकल इंजिनिअर आहे, त्याची रिॲक्टरची खोली नदीच्या पलीकडे. तिसरी भौतिकशास्त्राची, क्ष-किरणांचं काम करते. चौथा संगणकावर गणितं करतो.

आता अडचण. निम्मा कार्बन मोनॉक्साइड ज्या तापमानाला जळतो त्याला आम्ही टी-५० म्हणतो. माझ्या खोलीतला टी-५० आणि पलीकडच्या खोलीतला टी-५० यांत ४१ अंशांचा फरक येतोय. बाटली एक, वजन तेच, वायूचा वेग तोच. त्यांचा आकडा वरचा, म्हणजे त्यांच्याकडे पावडर आळशी दिसते. त्याला वाटतं मी चांगला निकाल निवडून दाखवते, मला वाटतं त्याला यंत्र नीट चालवता येत नाही. तोंडावर कोणी बोललं नाही, पण गेले तीन आठवडे आमची मीटिंग झालेली नाही. पेपर अडलाय. त्याहून जास्त त्रास याचा होतो की मी या माणसाला मनापासून मानते.

ज्यांनी अशी कामं मिळून केली आहेत त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

---

मये_मास्तर

बेटा, मी दहावीला विज्ञान शिकवतो. तुझा प्रश्न मोठ्यांसाठी आहे, पण धागा वाचणाऱ्या मुलांसाठी एक विचारतो. "उत्प्रेरक स्वतः न बदलता क्रियेचा वेग वाढवतो" हे वाक्य मुलं पाठ करतात, डोळ्यांपुढे मात्र काहीच उभं राहत नाही. तू वर्गात काय सांगशील?

---

सत्तरीकन्या

मास्तर, मी फेरीबोट सांगते. रायबंदरहून चोडणला जायचं तर फेरी आहे, नाहीतर रस्त्याने लांबचा वळसा. माणसं चढतात, पलीकडे उतरतात, बोट रिकामी होऊन पुढच्यांना घ्यायला तयार. दोन्ही काठांवर शेवटी किती माणसं राहतील हे बोट ठरवत नाही, ती फक्त लवकर पोचवते.

मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. धक्क्याला फळी नीट टेकलीच नाही तर कोणाला चढता येणार नाही. आणि चढलेली माणसं पलीकडे उतरायलाच तयार नसली तर बोट भरून उभी राहील. रेणूंनी पृष्ठभागाला धरावं, पण सोडवेल इतकंच धरावं. हे पॉल साबातिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं तत्त्व, त्यांना १९१२ साली नोबेल मिळालं. आजही उत्प्रेरक शोधताना सगळी धडपड त्या "बेताने धरण्या"चीच असते. चढायची फळी म्हणजे आमची "ॲक्टिव्ह साइट". सगळी बोट नव्हे, तेवढी फळी.

---

अमोनियाकाका

मुली, मी झुआरीनगरच्या खत कारखान्यात अमोनिया प्लांटला आयुष्य काढलं. कारखाना १९७३ साली सुरू झाला. आधी नाफ्थ्यावर (खनिज तेलातून निघणाऱ्या द्रवावर) चालायचा, पुढे पाइपलाइनने नैसर्गिक वायू आला. आम्ही पेपर लिहिले नाहीत, पण उत्प्रेरक टनांनी हाताळला, म्हणून दोन शब्द लिहितो.

आमच्याकडे उत्प्रेरक एक नव्हता, ओळीने होते. आधी झिंक ऑक्साइड गंधक टिपून घ्यायचं, कारण गंधकाचा एक थेंब पुढच्या सगळ्यांना मारतो. मग रिफॉर्मरच्या, म्हणजे वायू आणि वाफेपासून हायड्रोजन काढणाऱ्या भट्टीच्या, नळ्यांत निकेल. मग शिफ्ट, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेतून आणखी हायड्रोजन काढायची पायरी, त्यातला गरम भाग लोखंड-क्रोमियमचा आणि थंड भाग तांबं-जस्ताचा. शेवटी अमोनियाच्या कन्व्हर्टरमध्ये लोखंड. थंड शिफ्टमधलं तांबं म्हणजे लाडावलेलं लेकरू. जरा तापमान वाढलं की त्याचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम सोडतात. क्लोरिन चालत नाही, गंधक चालत नाही. बाहेर काढताना उघड्या हवेत आलं तर आपोआप तापून पेटतं.

नवा उत्प्रेरक भरायचा दिवस मला अजून आठवतो. वरून कापडी मोजा सोडायचा, लांब हत्तीच्या सोंडेसारखा, त्यातून गोळ्या खाली न्यायच्या. उंचावरून पडल्या तर फुटतात, भुकटी होते, भुकटीने वायूची वाट अडते आणि दाब घटत जातो. आत उतरलेला माणूस फळीवर उभा राहून थर सपाट करायचा. थरात एका बाजूला जरी जागा सैल राहिली तरी वायू तिथूनच पळतो, बाकीचा थर नुसता बघत बसतो. मग प्रयोगशाळा म्हणते उत्प्रेरक वाईट, आणि उत्प्रेरकाचा काही दोष नसतो.

लोखंडाचा उत्प्रेरक कारखान्यात येतो तो ऑक्साइड म्हणून. जागेवरच त्यातला ऑक्सिजन काढायचा. त्याला दिवस लागतात आणि घाई केलेली चालत नाही, कारण निघणारी वाफ त्याच लोखंडाला बिघडवते. वाफेचं प्रमाण तासातासाला लिहायचं. असा नीट जागवलेला उत्प्रेरक दहा वर्षं सहज चालतो, त्याहून जास्तही.

म्हणून तुला एकच विचारतो. तुमच्या दोघांकडे हवा कुठून येते?

---

फोंडा_ते_पुणे

काकांचा शेवटचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. पण त्याआधी सत्तरीकन्येला धीर म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. मी पुण्यात झिओलाइटवर (बारीक छिद्रांच्या उत्प्रेरक खनिजांवर) काम करणाऱ्यांच्यात वाढलो, आणि ही गोष्ट आम्ही प्रत्येक नव्या मुलाला सांगायचो.

काकांच्या कन्व्हर्टरमधलं ते लोखंड एका माणसाचं नाही. फ्रिट्झ हाबर रसायनशास्त्रज्ञ. १९०९च्या जुलैत कार्ल्सरूहला त्यांनी दाबाखाली अमोनिया थेंबाथेंबाने गळताना दाखवला. तो दाब पेलणारं यंत्र घडवलं रॉबर्ट ल रॉसिन्योल यांनी. हाबरचा उत्प्रेरक होता ऑस्मियम, आणि जगात ऑस्मियम होतं तरी किती! मग बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांनी छोट्या चाचणी-नळ्यांची रांगच लावली. १९१२पर्यंत सुमारे २५०० पदार्थ, सुमारे ६५०० चाचण्या. स्वीडनमधल्या एका खाणीचं मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं धातुक, अचानक फार छान निघालं. शुद्ध लोखंड तसं चालेना. म्हणजे जादू लोखंडात नव्हती, त्याच्यातल्या मिसळीत होती. त्यातून ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) आणि पोटॅश घातलेलं लोखंड ठरलं.

तिकडे कार्ल बॉश यांच्यापुढे वेगळंच संकट. पोलादाची नळकांडी काही दिवसांत फुटायची, कारण गरम हायड्रोजन पोलादातला कार्बन ओढून घ्यायचा. बॉश धातुशास्त्र शिकलेले. त्यांनी आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादी भिंतीला बारीक भोकं पाडली, आत शिरलेला हायड्रोजन निघून जावा म्हणून. १९१३ साली ओपाउचा कारखाना सुरू झाला.

आणि लोखंडावर नायट्रोजनचा बंध नेमका कसा तुटतो, हे पायरीपायरीने दाखवलं गेरहार्ट एर्ट्ल यांनी. मूळचे भौतिकशास्त्र शिकलेले, नोबेल २००७ साली. कारखाना चालू झाल्यानंतर कितीतरी दशकांनी! करणारा, मोजणारा, यंत्र घडवणारा आणि समजून घेणारा यांच्यात तेव्हा इतकी वर्षं गेली. तुमचे चौघे आज एकाच गोव्यात, तासाभराच्या अंतरावर आहेत. तीन आठवड्यांच्या अबोल्याने ते वाया घालवू नकोस गं.

---

खाणपट्टा

मी साखळीचा. स्वीडनची खाण वाचली आणि राहवलं नाही. आमच्याकडे खाणी बंद झाल्या २०१२ला, पुन्हा २०१८ला. टाकाऊ खाणमातीचे डोंगराएवढे डंप पडून आहेत. गोव्याच्या त्या लाल मातीचा असा काही उपयोग होईल का? भाबडा प्रश्न असेल, पण घरात ट्रक उभा राहिलेला माणूस हा विचार करणारच.

---

फोंडा_ते_पुणे

भाऊ, प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडचं धातुक मुख्यतः हेमटाइट आणि गोएथाइट, सोबत ॲल्युमिना आणि सिलिका. ॲल्युमिना ऐकून बरं वाटतं, पण मिटाश यांच्याच चाचण्यांत गंधक, फॉस्फरस, क्लोरिन घातक ठरले होते. प्रत्येक डंपची माती वेगळी, म्हणून सरसकट हो म्हणणार नाही. लोखंडाचे ऑक्साइड सांडपाणी शुद्ध करण्यासारख्या कामांत उत्प्रेरक म्हणून चालतात, हे पक्कं. पण तुमच्या मातीवर काम करायचं तर भूगर्भवाला पहिल्या दिवसापासून सोबत हवा. खाणीच्या कुठल्या पायरीवरची, किती खोलीवरची, पावसात किती धुपलेली, हे त्यालाच कळतं. रसायनवाल्याच्या हातात ती नुसती लाल भुकटी.

टनांचे डंप मात्र उत्प्रेरकाने संपणार नाहीत. उत्प्रेरक लागतो थोडा. ही आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

---

गणनवेडा

मी या प्रकल्पातला नाही, पण तिच्या चौथ्या सहकाऱ्याचंच काम करतो, म्हणून त्याच्या बाजूने लिहितो.

आम्ही संगणकावर जो पृष्ठभाग मांडतो त्यात शंभरेक अणू असतात. स्वच्छ, कोरडा, एकाच दिशेने कापलेला. सिरियाचा तोच स्फटिक कांडीसारखा वाढला तर बाहेर वेगळ्या बाजू येतात, घनासारखा वाढला तर वेगळ्या, आणि प्रत्येकीवरून ऑक्सिजन निघायला लागणारी ऊर्जा वेगळी. सहकारी मला म्हणतात, "आमच्या पावडरचं गणित कर." कुठल्या बाजूचं करू? त्यांना वाटतं मी टाळतोय.

आता मोठे संगणकी संच उघड्यावर आलेत. २०२०च्या ओपन कॅटॅलिस्ट प्रकल्पाने बारा लाखांवर रचनांची गणितं सगळ्यांना मोकळी केली, त्यावर यंत्राला शिकवता येतं. मला त्याचा खरंच आनंद आहे. पण त्या बारा लाखांत सत्तरीकन्येच्या बाटलीतली पावडर नाही. बाटली कधी उघडली, किती वेळ उघडी होती, हे मला सांगितलं तर मी पृष्ठभागावर पाण्याचे रेणू, हायड्रॉक्सिल गट मांडेन आणि गणित बदलेल. आजवर मला हे कोणी आपणहून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ती चूक माझी.

---

खाडी_आणि_खाजन

मी सूक्ष्मजीवांवर काम करते, खारफुटीच्या चिखलातल्या. तुमच्या काकांचं लोखंड ४०० अंशांच्या वर आणि शेकडो पट दाबाखाली जे करतं, ते माझ्या चिखलातले जिवाणू साध्या तापमानाला करतात. नायट्रोजनेज हे त्यांचं एन्झाइम. तेही लोखंडावरच चालतं, जोडीला मॉलिब्डेनम, गंधक, आणि त्या गाभ्यात अगदी मधोमध एकच कार्बन अणू. तो कार्बन आहे हे २०११ साली कुठे ठरलं. फुकट मात्र ते काही करत नाही, नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे, १६ रेणू खर्च होतात.

मला बोलायचंय ते शब्दांविषयी. दोन वर्षांपूर्वी एका रसायनवाल्या गटाबरोबर काम केलं. सहा महिने आम्ही "ॲक्टिव्हिटी" हा शब्द वापरत होतो आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा होता. माझ्यासाठी ती मिलिग्रॅम प्रथिनामागे मिनिटाला किती मायक्रोमोल. त्यांच्यासाठी किती तापमानाला किती टक्के रूपांतर. त्यांच्यातल्या इंजिनिअरसाठी लिटर रिॲक्टरमागे तासाला किती किलो. गणितवाल्यासाठी इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजलेली ऊर्जेची एक उंची. सगळे माना डोलावत होते! शेवटी मी एका मीटिंगला उभी राहिले आणि म्हटलं, आज फळ्यावर प्रत्येकाने आपलं एकक लिहायचं. त्या दिवशी खरं काम सुरू झालं. तोवर लाज वाटायची, इतका साधा प्रश्न कसा विचारू म्हणून.

सत्तरीकन्ये, "वायूचा वेग तोच" असं तू लिहिलंस. तो पावडरच्या वजनामागे तोच की घनफळामागे?

---

सत्तरीकन्या

ताई, वजनामागे. ते तपासलं, दोन्हीकडे सारखं आहे. पण हे विचारायला मला त्याला फोन करावा लागला, आणि तीन आठवड्यांनी आवाज ऐकून दोघांनाही बरं वाटलं.

काका, तुमचा प्रश्नही त्याला विचारला. माझ्याकडे कोरड्या हवेचा सिलिंडर आहे. त्याचा गेल्या पावसाळ्याआधी संपला, नवा यायला वेळ लागत होता, म्हणून त्याने छोटा डायफ्रॅम पंप लावला. पंप खोलीतली हवा ओढतो. आणि कार्बन मोनॉक्साइड आहे म्हणून तो खिडकी उघडी ठेवतो.

---

अमोनियाकाका

हां. आता मांडू या. श्रावणातली गोव्याची हवा, २७ अंश, ९० टक्के आर्द्रता. त्यात पाण्याची वाफ घनफळाने साधारण ३ टक्के. तुमचा कार्बन मोनॉक्साइड किती?

---

सत्तरीकन्या

१ टक्का.

---

अमोनियाकाका

म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच्या तिप्पट पाणी फळीवर चढायला उभं आहे. कोणाचा दोष नाही, मुली. त्याच्या नळीत मॉलिक्युलर सिव्हची (पाणी टिपून घेणाऱ्या दाण्यांची) एक नळी बसव, सिव्ह आधी नीट तापवून घे, आणि पुन्हा घ्या दोघं मिळून. एकमेकांच्या खोलीत उभं राहून घ्या.

---

गणनवेडा

आणि ओल्या हवेचे निकाल फेकू नका, हात जोडून सांगतो. तांबं-सिरियावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड जागा अडवतात हे माहीत आहे, पण नेमक्या तुमच्या पावडरवर कोरडं आणि ओलं असे दोन संच अपघाताने हाती आलेत. मला असे आकडे मिळाले तर मी वर्षभर खूश राहीन. शिवाय खरी गाडी धूर सोडते तेव्हा त्यात पाणी असतंच. कोरड्या सिलिंडरचा आकडा सुंदर, पण रस्त्यावरचा आकडा पलीकडच्या खोलीत होता.

---

खाणपट्टा

वाचतोय. समजतंय तेवढं समजतंय. थांबू नका.

---

मये_मास्तर

वाळपईच्या मुलीला एक विचारू? तुमच्याकडे काजू. टरफलं ढिगाने निघतात, त्यातल्या तेलाने हात भाजतात. त्यावर कोणी असं मिळून काम केलंय का?

---

सत्तरीकन्या

मास्तर, केलंय आणि फार छान केलंय. स्कॉटलंड, जर्मनी आणि टांझानियातल्या संशोधकांनी टरफलाच्या तेलातलं कार्डेनॉल घेतलं, उत्प्रेरकाने त्याची लांब शेपटी कापली आणि त्सेत्से माशीला खेचणारे वास तयार केले. माशी सापळ्यात येते. निद्रारोग पसरवणारी हीच माशी. टांझानियात काजूही पिकतो आणि ही माशीही आहे. माझ्या आजीच्या बोटांवर त्या तेलाचे काळे डाग आहेत. पीएचडी झाली की मला त्याच तेलावर काम करायचंय, हे इथे पहिल्यांदाच लिहिते.

---

सत्तरीकन्या (बारा दिवसांनी)

कळवायला उशीर झाला, माफ करा.

शनिवारी मी पलीकडे गेले. दोघांनी मिळून पावडर दाबली, फोडली, चाळली, ४० ते ६० मेशमधली (मेश म्हणजे चाळणीची बारीकी) तेवढी घेतली. इतके दिवस मी बारीक पावडर तशीच वापरत होते आणि तो गोळ्या करून, हेही तेव्हाच कळलं. नळी बसवली. बाहेर पाऊस कोसळत होता, खिडकी उघडीच होती. निर्देशक म्हणून टाकलेले निळे सिलिकाचे दाणे पंपाकडच्या टोकाला दुपारपर्यंत गुलाबी झाले, पावडरकडच्या टोकाला निळेच राहिले. आम्ही दोघं ते दाणे बघत बसलो होतो. ४१चा फरक ९ वर आला.

उरलेल्या ९चं कारण रविवारी सापडलं असं वाटतं. माझा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नळीच्या बाहेर भिंतीला आहे, त्याचा थराच्या आत. क्रिया उष्णता सोडते, तर थर भिंतीपेक्षा गरम असणारच, म्हणून त्याचा आकडा वरचा. मी आता माझा आत घालायची सोय करतेय.

आम्ही एक वही केली. साधी, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पावडरचा प्रत्येक घाणा, भट्टीचं तापमान, कोणी चाळला, बाटली कोणत्या दिवशी उघडली, हवा कुठली, पाऊस होता का, थर्मोकपल कुठे, सगळं तिच्यात. वही बाटलीबरोबर प्रवास करते. बाटली नदी ओलांडते तेव्हा वहीही ओलांडते. गणितवाल्या सहकाऱ्याने ती पहिल्यांदा पाहिली आणि अर्धा तास काही बोललाच नाही, नुसता वाचत होता. मग म्हणाला, मी पृष्ठभाग चुकीचा मांडला होता.

पेपरवर पहिलं नाव कोणाचं, हा प्रश्नही त्याच दिवशी बोलून टाकला. ओल्या हवेचा पेपर त्याच्या नावाने आधी, पावडरचा माझ्या. दहा मिनिटांत मिटलं.

नोव्हेंबरात इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) आम्हाला वेळ मिळाली आहे. क्रिया चालू असताना तांबं कुठल्या अवस्थेत असतं ते तिथे बघायचंय, आधी कोरड्या हवेत, मग मुद्दाम ओली करून. चौघंही जाणार आहोत. काका, हवेला किती पाणी घालायचं याचं गणित करून ठेवलंय, पाठवते, एकदा डोळ्यांखालून घाला.

---

अमोनियाकाका

पाठव. चष्मा पुसून बसलोय.